दारातला डायलॉग

महादेवराव पेंटर गेल्यापासून या घरात पिक्चर सोलायला कोणी बसलं नव्हतं.

'सोलणं' हा त्यांचाच शब्द. इतवारीतल्या टॉकीजवर लागणारे कापडी बॅनर ते रंगवायचे, त्यामुळे पहिल्या दिवसाचे पास घरी यायचे. पिक्चर बघून आलं की महाल वस्तीतल्या माडीवर, त्या दोन खोल्यांत, संत्र्यांची टोपली मधे ठेवून सगळे गोल बसायचे. संत्री सोलता सोलता पिक्चरही सोललं जायचं. हीरो, हीरोइन, डायरेक्टर, कोणाचीच गय व्हायची नाही. पुढे घरची मुलगी जया काटोलला संत्र्यांच्या दलालाकडे दिली, दोन वर्षांत ती तिथे जळून मेली, आणि टोपली घरात यायची बंद झाली. नागपुरात राहून संत्र्याला हात न लावणारं घर म्हणून गल्लीला ते माहीत होतं. का, ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कोणी विचारत नसे.

आज मात्र सोलायला बसणं भागच होतं. पिक्चर घरच्या पोराचं होतं. महादेवरावांचा धाकटा, गोविंदा, बहीण गेल्यावर मुंबईला पळाला. तिथे या डायरेक्टरच्या हाताखाली, त्या डायरेक्टरच्या हाताखाली अशी बारा-तेरा वर्षं काढली आणि शेवटी स्वतःचं पिक्चर काढलं. नाव 'पाचची गाडी'. नवऱ्याला सोडून माहेरी आलेली एक पोरगी, घर झोपेत असताना पहाटेच्या एसटीने परत सासरी निघून जाते, एवढीच गोष्ट. रविवारी सकाळच्या खेळाला घरची सगळी मंडळी रांगेने बसली, पिक्चर संपलं, आणि रिक्षाने घरी जेवायला आली.

सिंधूने गोळाभात केला होता, डाळीचे गोळे भातात शिजवून. ती थोरल्या मनोहरची बायको, पाहुणचारात हात सैल. वाढताना ती गोविंदाच्या भातावर फोडणीचं तेल दोनदा ओतून गेली, कारण दुसरं काय करावं तिला सुचत नव्हतं.

मनोहरने सुरुवात केली. घरात बोलायची सुरुवात तोच करायचा.

"फोटोग्राफी चांगली आहे," तो म्हणाला. "पन कॅमेरा हालत काहून नाही गा? त्या म्हशीवर धरला तर धरूनच बसला. मले वाटलं ऑपरेटर जेवाले गेला."

"आर्ट पिक्चर असंच राहते," भैय्याजी म्हणाले. हे महादेवरावांच्या बायकोचे, कौसल्याबाईंचे धाकटे भाऊ, त्याच टॉकीजचे डोअरकीपर. आजच्या खेळाचं यजमानपण आपल्याकडे आहे असं धरूनच ते जेवत होते. "कलकत्त्याचा एक असाच लागला होता मागं. नदी, नदी, नदी. इंटरवलले पब्लिक गेली ते आलीच नाही. आज तरी बाल्कनीत आपल्याशिवाय एक जोडपं होतं."

"ते पिक्चर पाहाले आलं होतं?" सिंधूने विचारलं.

"त्याइले काय विचारतं! अंधार पाहाले आलं होतं."

सगळे हसले. गोविंदाही हसला. मनोहरला जोर आला. त्याला हाणामारीचा मधुकांत आवडायचा, एका मुस्काटीत चौघांना लोळवणारा. "मधुकांत असता तर पोरगी गेलीच नसती. एसटीच्या समोर उभा राहिला असता, हात पसरून. आता तू म्हनशील हे खोटं आहे. असन खोटं. पन मानूस पिक्चर पाहाले जाते ते त्याच्यासाठीच ना गा? खरं पाहाले टिकीट कोन काढन?"

यात तथ्य होतं, आणि गोविंदाला ते बोचलं. पण तो मनोहरचं मत ऐकायला नागपूरला आला नव्हता. पिक्चर चालणार नाही हे त्याला प्रिंट हातात आली तेव्हाच कळलं होतं. त्याला या घरातून एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती मागता येण्यासारखी नव्हती.

नवऱ्याला सोडून आलेली जया परत गेली त्या पहाटे तो दाराशी अंथरूण टाकून झोपला होता. आदल्या दुपारी त्यानेच जयाला मॅटिनीला नेलं होतं, तिचं मन रमावं म्हणून. हीरोइन कुमुदमालाच्या रडण्यावर जयाने टॉकीजच्या दाराबाहेर येईपर्यंत टवाळी केली होती. "ग्लिसरीन कमी पडलं वं बाईले," असं ती भररस्त्यात म्हणाली होती. काटोलच्या कोणीतरी दोघांना तिथे बघितलं, संध्याकाळपर्यंत सासरचा निरोप आला, घरात आवाज चढले. आणि पहाटे जया त्याला ओलांडून गेली. तो जागा झाला नाही. तेव्हापासून घरात ही गोष्ट एकाच पद्धतीने सांगितली जायची. कोनालेच पत्ता लागला नाही, कोनी जागं असतं तर जाऊ दिलं असतं का, अन् गोविंदा तर दारातच झोपला होता. शेवटचं वाक्य कोणी रागाने म्हणत नसे. नुसतं म्हणत. त्या वाक्यापायी त्याने घर सोडलं होतं, आणि तेच वाक्य पडद्यावर मांडायला आयुष्यातली सगळी उमेद घातली होती. झोपलेला भाऊ, त्याच्यावरून जाणारी बहिणीची पावलं, हा शॉट त्याने युनिट वैतागेपर्यंत घेतला होता. बघून कोणीतरी म्हणावं, जाऊ दे गा, लहान होता तू. बस्स, एवढंच.

"भाऊ मात्र बरोबर दाखवला," मनोहर म्हणाला. "एक नंबरचा कुंभकर्ण."

भैय्याजींना ठसका लागला. गोविंदाने ताटातला गोळा फोडला आणि तो फोडतच राहिला.

सिंधूला नवऱ्याचा राग आला. दिराला ती फारसं ओळखत नव्हती, लग्न होऊन आली तेव्हा तो गेलेलाच होता. पण जेवत्या माणसाला असं बोलू नये एवढं तिला कळत होतं. ती घाईने म्हणाली, "पोरगी गोड घेतली हो भाऊजी. फक्त बोलते कशी! दारात उभी राहून म्हनते, 'येते हं, आई.' महालातली पोरगी 'येते' म्हनन का? आपल्या इकडं बाया 'येतो' म्हनतात. मी ऐकलं अन् मले हसूच आलं."

"पुण्याची आहे ती," गोविंदा म्हणाला. "महिनाभर शिकवलं. 'येतो' म्हणाली की नाटकी वाटायचं. शेवटी म्हटलं, तुझ्या तोंडी जे बसतं ते बोल."

"पाह्य, कसा बोलून राहिला, 'वाटायचं'!" मनोहर म्हणाला. "हा बी पुण्याचाच झाला."

पुन्हा हसणं झालं. जेवणं उरकली. सिंधूने ताटं उचलली आणि सासूपुढे सुपात तुरीच्या शेंगा ठेवल्या, संध्याकाळच्या आमटीसाठी. कौसल्याबाई भिंतीला टेकून सोलू लागल्या. त्या अजून एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि खरं म्हणजे सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

कारण सोलण्यात खरी वस्ताद हीच बाई. शाळा चौथीपर्यंत, पण पिक्चरमधली चूक हिच्या डोळ्यांतून सुटायची नाही. हीरोइन देवळात शिरताना कपाळाला चंद्रकोर, बाहेर येताना गोल टिकली. हीरोला गोळी डाव्या दंडात लागली आणि पट्टी उजव्या. महादेवराव कौतुकाने म्हणायचे, हिले सेन्सारात घ्याले पाहिजे. चूक सांगताना कौसल्याबाईंचा आवाज वेगळा व्हायचा, मोकळा, पोरीसारखा. एरवी सासू, सून, आई, बायको असं सगळं सांभाळून बोलणारी बाई तेवढ्यापुरती कोणाची कोणी नसायची.

"काय मंग बाई?" भैय्याजींनी विचारलं. "पोरगा पास का नापास?"

कौसल्याबाईंनी एक शेंग उकलली. दाणे सुपात पडले.

"घरातून निघाली तेव्हा हातात पिशवी होती," त्या म्हणाल्या. "एसटीतून उतरली तं ट्रंक. पिशवीची ट्रंक कुठं झाली गा?"

गोविंदाने कपाळावर हात मारून घेतला. खरंच. स्टँडचं शूटिंग आधी झालं होतं आणि घरातलं नंतर. एडिटरच्या लक्षात आलं नाही, कॅमेरामनच्या आलं नाही, पुण्यामुंबईच्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

"माय!" तो ओरडला. "तुले सांगतो, एकानं नाही पकडलं हे!"

त्याच्या तोंडून 'तुले' निघालं तसं कौसल्याबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. किती वर्षांनी. त्यांचे हात भरभर चालू लागले.

"अन् दिवा. खोलीत दिवा विझलेला, मंग तिच्या तोंडावर उजेड कुठून आला? अन् पाटल्या. सासरी मार खाऊन आलेली पोरगी, तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या राहातीन का? काचेच्या पाहिजे."

"बरोबर," गोविंदा म्हणाला. तो पुढे सरकून मांडी घालून बसला होता, जवळजवळ तिच्या गुडघ्याला गुडघा लावून. "अजून?"

"अन् तो डायलॉग चुकला."

"मीनंच सांगितला तो," सिंधू म्हणाली. "'येतो' पाहिजे."

"'येतो' बी नाही," कौसल्याबाई म्हणाल्या. "'जातो' म्हनली ती. 'माय, जातो मी.' अन् दारात नाही. दारात कशी बोलन, तिथं हा झोपला होता. पायथ्याशी येऊन बसली. बांगड्या कोपरापर्यंत वर सारून घेतल्या, वाजू नाही म्हनून, अन् मंग..."

शेंग अर्धी उकललेली राहिली.

खाली गल्लीत कल्हईवाला ओरडत होता. त्याचा आवाज सगळ्यांना नीट ऐकू आला.

मनोहर सगळ्यांत आधी सावध झाला. "माय," तो म्हणाला, "तू झोपून होती त्या दिवशी." हा प्रश्न नव्हता. लहान पोराला पाहुण्यांसमोर दटावतात तसं ते होतं. "वय झालं आता तिचं. पिक्चर अन् खरं, सगळं एक करते."

"पिक्चरमध्ये 'येते' आहे, दादा," गोविंदा म्हणाला. "'जातो' कुठंच नाही."

"लिहिलं असशीन कुठं. तुलेच आठवत नसन."

"मी नाही लिहिलं. कोणी निघताना 'जातो' म्हणतं का? मला सुचलंच नाही ते." त्याचा आवाज अगदी खाली आला. "माय, तू जागी होती?"

भैय्याजी उठले. त्यांना टॉकीजवर जायचं होतं, तीनचा खेळ होता. सिंधूने त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा खाली बसले.

कौसल्याबाईंनी अर्धी शेंग सुपात ठेवली. लपवता येत नाही म्हटल्यावर माणूस कधी कधी हलका होतो, तसं त्यांचं झालं नाही. त्यांचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं.

"डोळे मिटून होती," त्या म्हणाल्या. "पाय धरले तिनं माह्ये. हात गरम होते, तापासारखे. 'जातो' म्हनली अन् बसून राहिली. म्या काही म्हनाव म्हनून बसली होती ती. मले कळत होतं. डोळे उघडले असते तं 'राह' म्हनाव लागलं असतं."

"मंग म्हनाचं ना, आत्याबाई," सिंधू सासूला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पोटची पोरगी होती. म्हनाचं ना, राह."

कौसल्याबाईंनी मनोहरकडे बघितलं. मनोहरने खिडकीकडे.

"सांग तूच," त्या म्हणाल्या.

"काय सांगू? जुनं उकरून काय भेटनार आहे?"

"तूच म्हटलं होतं चुलीपाशी, तिले वापस धाडा म्हनून. तुहे बाबा बी होते. ते काही बोलले नाही, पन तू बोलला." मग त्या सुनेकडे वळल्या. "त्या आठवड्यात तुह्या घरचे येनार होते, वर्ध्याहून. पसंती व्हायची होती. नवऱ्याले सोडून आलेली पोरगी घरात दिसली असती तं तुहा बाप खालूनच वापस गेला असता."

सिंधूला तो दिवस आठवला. बघायला गेलेले वडील वर्ध्याला परत आले तेव्हा खुशीत होते. घर साधं आहे पण सरळ आहे, म्हणाले होते. एकच मुलगी, ती काटोलला, सासरी सुखात आहे, असं खुद्द मुलाने सांगितलं. हे वाक्य तिने मैत्रिणींना सांगितलं होतं. सुपारी फुटली, आणि काटोलहून निरोप आला, स्टोव्हचा भडका उडाला म्हणून. लग्न दोन महिने पुढे गेलं एवढंच. अपशकुनी म्हणतील या भीतीने तेव्हा ती आपल्यासाठीच रडली होती.

"मले विचारलं असतं कोनी," ती म्हणाली, "तं मी म्हटलं असतं, राहू द्या तिले."

"आता म्हनशीन!" मनोहर उसळला. "तेव्हा तुले कोन विचारत होतं? तुहा बाप उठून गेला असता अन् तू बी 'हो बाबा' म्हटलं असतं."

ते खरं होतं. सिंधूला ते लगेच पटलं, आणि म्हणूनच तिला नवऱ्याची किळस आली. ती उठली, मनोहरच्या शेजारून निघून गोविंदाच्या बाजूला जाऊन बसली. या घरात आल्यापासून ती कधी नवऱ्याच्या समोरच्या बाजूला बसली नव्हती.

मनोहरला कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की मला काय माहीत होतं ते तिला जाळतील. तो दुष्ट नव्हता. त्याला वाटलं होतं, चार दिवस मार खाईल, मग होईल सगळं सुरळीत, सगळ्यांचं होतं. पुढे तो स्वतःलाच चुकवत आला, आणि गोविंदा दारातच झोपला होता हे वाक्य पहिल्यांदा त्याच्याच तोंडून निघालं होतं. पण त्याला कोणी विचारलं नाही.

"माय," गोविंदा म्हणाला, "मी अजून झोपेतून दचकून उठतो. पाय पडल्यासारखं वाटते अंगावर. तुले माहीत होतं, तिनं तुले सांगितलं होतं, तरी तू मले एकदा बी म्हटलं नाही. पत्रात नाही, बाबा गेले तेव्हा आलो, तेव्हा नाही. काहून?"

कौसल्याबाईंनी सुपातले दाणे एका बाजूला केले.

"तू घरात नव्हता ना गा," त्या म्हणाल्या. "ह्या मनोहरसंगं मले रोज जेवाचं होतं. जो घरात नाही, त्याच्यावर टाकनं सोपं जाते."

गोविंदाला जे ऐकायचं होतं ते याहून चांगलं कोणी सांगितलं नसतं. त्याची चूक नव्हती. पण ते ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटलं नाही. आपण निदान झोपेत होतो, एवढंच त्याच्या मनात आलं. पडद्यावर त्याने सगळं घर झोपलेलं दाखवलं होतं. किती भलेपणाने दाखवलं होतं.

तो उठून पिशवी भरू लागला. गाडी संध्याकाळची होती, तरी कोणी थांब म्हटलं नाही.

"गोविंदा," कौसल्याबाईंनी विचारलं, "तो डायलॉग बदलता येत नाही का आता?"

"नाही. प्रिंट निघून गेल्या."

"बरं. राहू दे मंग."

तो दाराशी गेला, चपला घातल्या, आणि पाठ करून उभा राहिला. निघणारा 'येतो' म्हणतो, आतला 'ये' म्हणतो, मगच पाऊल बाहेर पडतं. आत चौघं कान देऊन बसली होती, मनोहरसुद्धा. गोविंदाने 'येतो' म्हटलं नाही, 'जातो'ही म्हटलं नाही. जिन्याच्या लाकडी पायऱ्या खालपर्यंत वाजल्या आणि थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या खेळाला कौसल्याबाई एकट्या टॉकीजवर आल्या. भैय्याजींना वाटलं, बहीण अजून चुका शोधायला आली. त्यांनी तिला मागच्या रांगेत बसवलं आणि स्वतः दरवाजाच्या पडद्याआड उभे राहिले. हॉल जवळजवळ रिकामा होता. ती जागा आली. पोरीने झोपलेल्या भावाला ओलांडलं, दारात वळली, उजेड नसावा तिथला उजेड तिच्या तोंडावर पडला, आणि ती आपल्या पुणेरी आवाजात म्हणाली, "येते हं, आई."

"ये," मागच्या रांगेतून आवाज आला. "ये वं जया. ये."

पुढच्या रांगेतला कोणीतरी वळून चुप म्हणाला. भैय्याजींनी बॅटरी लावली नाही.

त्या रोज आल्या. रोज त्याच जागी तेवढंच बोलल्या आणि पिक्चर संपायची वाट न बघता उठून गेल्या. शुक्रवारी पिक्चर उतरलं. सकाळीच मधुकांतचा बॅनर चढवत होते, दोन माणसं दोरावर आणि एक खाली ओरडायला. कौसल्याबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. महादेवरावांच्या हातचं नसलेलं ते तोंड त्यांनी खालून वर बघितलं.

"आपला कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"अमरावतीले गेला, बाई," भैय्याजी म्हणाले. "तिथं लागनार आहे."

"तिथं बी ती तसंच म्हनन ना?"

"म्हनन ना. पिक्चरच आहे ते. सगळीकडं तेच म्हनन."

त्यांनी मान हलवली. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि निघाल्या. चार पावलं जाऊन परत फिरल्या.

"भैय्या," त्या म्हणाल्या, "तिथं तिले 'ये' कोन म्हनन गा?"

पहिल्या खेळाची घंटा झाली होती, भैय्याजी फाटक उघडायला गेले.